खाडीसमोरचा मासा : आस्वाद, उसनवारी आणि ऋण

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप समजावून देताना जो दृष्टांत योजला तो जेवणाचा. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न सेवन करणारा सुमनस पुरुष त्यातील रसांचा आस्वाद घेतो, त्याचप्रमाणे प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असा त्याचा आशय आहे. पुढील काव्यशास्त्राने या दृष्टांतातील रस उचलला. अन्न मात्र पानातच राहिले. पाश्चात्त्य परंपरेत कांटने १७९० सालच्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेदरेषा आखली आणि जिभेचे सुख सौंदर्याच्या प्रांताबाहेर ठेवले. ज्याची भूक असते त्याविषयी निरिच्छ राहता येत नाही, हे त्यामागील कारण. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे हा विचार आणि त्यातून उभा राहणारा लौकिकतावाद-अलौकिकतावादाचा वाद मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

उंची, आधुनिक जपानी भोजनगृह ही भेदरेषा पुसून टाकू पाहते. भुकेच्या मानाने अपुरे वाटावे इतके थोडे अन्न, त्याभोवती राखलेली मोकळी जागा, मंद प्रकाश, एका वेळी एकच घास : या साऱ्या योजनेचा हेतू अन्नाला भुकेपासून सोडवून अवलोकनाचा विषय बनवणे हा असतो. ‘ओमाकासे’ या पद्धतीत तर जेवणारा निवडीचा हक्कही सोडून देतो. काय वाढायचे ते आचारी ठरवतो. तानिझाकीने १९३३ साली सावल्यांच्या सौंदर्यावर लिहिताना लाखेच्या भांड्याचा विचार केला, रोलाँ बार्थने १९७० साली जपानी अन्नात केंद्र नसलेली चिन्हव्यवस्था पाहिली. अन्न अलौकिक होऊ शकते, या दाव्याला असे प्रतिष्ठित साक्षीदार आहेत. मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये ‘वसाबी बाय मोरिमोतो’ २००४ साली सुरू झाले. त्यानंतर ही अभिरुची हळूहळू खाडी ओलांडून नवी मुंबईपर्यंत आली. सीवूड्ससारख्या वस्तीत तिचा विचार करू लागताच मात्र हा अलौकिकाचा दावा एका नैतिक प्रश्नापाशी येऊन अडतो.

सीवूड्स हे नाव उसने आहे. रेल्वे स्थानकाच्या नावात त्याला दारावे हे गावाचे नाव जोडलेले आहे, आणि त्या दोन नावांमधील छोट्या आडव्या रेघेत या भूमीचा अलीकडचा इतिहास सामावला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचा पाया त्यामुळे हलला. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने शेतकऱ्यांचे बळी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण या संघर्षातून आले. दारावे आणि करावे ही गावे आज इमारतींच्या मधोमध उरली आहेत. ज्या भूमीवर निवटी, बोय आणि जिताडा ही रोजच्या जेवणातील नावे होती, तेथेच आता दूरदेशीच्या माशाचा पातळ काप आदराने ताटलीत ठेवला जातो.

येथे जपानी परंपरेतीलच एक शब्द उद्‌बोधक ठरतो. आज जगभर पसरलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रूढ झाली. ते कष्टकऱ्यांचे घाईचे खाणे होते. तिला ‘एदोमाए’ म्हणत : एदोच्या समोरची. शहरासमोरच्या उपसागरात सापडलेला मासा मिठात, व्हिनेगरमध्ये मुरवून किंवा शिजवून भातावर ठेवला जाई. या पाककलेच्या मुळाशी समोरच्या पाण्याशी असलेले नाते आणि त्या पाण्यावरचा विश्वास होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे पोटात घेतलेल्या खाडीसमोर बसून तीच सुशी खाताना आकार तोच राहतो, ‘समोर’ मात्र गळून पडते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. परक्याचे अन्न उचलणे हा दोष मानला तर मराठी स्वयंपाकघर रिकामे होईल. मिरची, बटाटा, शेंगदाणा ही सारी अमेरिका खंडातून आली, आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्यांच्याशिवाय होत नाही. जपानी शुद्धतेचाही आधार घेता येत नाही. कच्चा साल्मन सुशीत रुजला तो १९८० च्या दशकातील नॉर्वेच्या विक्रीप्रयत्नांनंतर. तेव्हा उगम ही कसोटी होऊ शकत नाही. उसनवारीने जे ऋण निर्माण होते ते कसे फेडले जाते, हीच कसोटी उरते.

साहित्यात असे ऋण फेडल्याचे उदाहरण मराठीजवळ आहे आणि तेही जपानीच आहे. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत आणला. ऋतुसूचक शब्द हे पारंपरिक हायकूचे महत्त्वाचे अंग. मराठी हायकू चेरीच्या बहरावर थांबला असता तर तो नकलेपुरता उरला असता. त्याने येथला पाऊस, येथले ऊन आणि येथले पाखरू पाहिले म्हणून तो मराठी झाला. परक्या रूपाने पाहण्याची एक शिस्त दिली आणि ती शिस्त जवळच्या वस्तूकडे वळली. जपानी पाकशास्त्रातही ऋतूला हेच स्थान आहे, आणि कोळ्यांच्या जगण्यातही : पावसाळ्यात नांगरून ठेवलेली होडी आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात पडणारे जाळे हे ऋतूचेच व्याकरण आहे.

मग जिताड्याची सुशी केली की ऋण फिटले काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. स्थानिकता हीही विक्रीची वस्तू बनू शकते, आणि मग ज्याच्या जाळ्यातला मासा त्यालाच त्या टेबलाशी जागा नसते. खाद्ययादीत गावाचे नाव आल्याने गावाला काही परत मिळत नाही. खरी परीक्षा जेवण संपल्यावर सुरू होते. कच्च्या माशाच्या गंधातील सूक्ष्म भेद ओळखायला शिकलेले नाक शेजारच्या घरातील सुक्या बोंबलाच्या वासाने वाकडे होत असेल, सोसायटीतील कोळीण टोपली घेऊन आली की तिला फाटकाशी अडवले जात असेल, तर त्या नाकाला अभिरुची लाभली असे म्हणता येत नाही. त्याला केवळ प्रतिष्ठेची किंमत कळली आहे.

भरताच्या दृष्टांतातील सुमनस हा शब्द या संदर्भात पुन्हा वाचायला हवा. त्याचा अर्थ प्रसन्न मनाचा असा केला जातो. पण मनाची प्रसन्नता भोवतालाकडे पाठ फिरवून मिळवलेली असेल, तर तिला सुमनसत्व म्हणावे काय? अन्न अलौकिक होऊ शकेलही. मात्र त्या अलौकिकाकडे जाणारी वाट लौकिकातून जाते, आणि सीवूड्समध्ये ती दाराव्यावरून जाते.