चार बोटांचं अंतर

डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर असतं, असं आपली वडील मंडळी सांगत आली. ऐकलेलं सोडून द्यावं, पाहिलेलं खरं मानावं, हा त्याचा अर्थ. साठ-पासष्ट वर्षं मी या वचनावर श्रद्धा ठेवून काढली. आता माझं मत असं झालंय, की ते रचणाऱ्या गृहस्थांना जन्मात कधी चक्कर आलेली नसावी.

गेल्या आषाढातली गोष्ट. पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि आमचं घर फिरायला लागलं. नुसतं हललं-झुललं असं नव्हे. कपाट, कॅलेंडर, खुंटीवरची छत्री, अशी सगळी वरात छताच्या दिशेनं निघाली. मी पलंगाची कड घट्ट धरून ओरडलो, "अगं, भूकंप! बाहेर पळ!"

ही दुधावर लक्ष ठेवून होती. दारात आली, माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन पातेल्याकडे पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "दूध जागच्या जागी आहे. तुम्हीही तसेच राहा."

एवढ्यात घर थांबलं. फार तर अर्धं मिनिट झालं असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं की घर फिरत होतं. ऐकीव गोष्ट नव्हे, चक्षुर्वै सत्यम्!

पुढचे काही दिवस समाचाराला येणाऱ्यांचे. शेजारच्या आजींनी पित्त ठरवून मोरावळा दिला. मेहुण्यांनी अशक्तपणा ठरवला. वहिनींनी काही न बोलता मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. एका डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून गळ्याला पट्टा बांधला. साठीनंतर मानेचा फोटो काढला की एखादा मणका झिजलेला सापडतोच. पंधरा दिवस मी देवळातल्या नंदीसारखा समोर बघत बसलो. घर मात्र कुशीवर वळलं की फिरायचं ते फिरतच होतं.

शेवटी भाची मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "मला ऐकू येतं हो चांगलं," मी म्हणालो. बाई हसल्या. मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं. दवाखाना फिरू लागला. बाई माझ्या डोळ्यांत टक लावून बघत होत्या. "मिटू नका काका. हं, सापडलं! दवाखाना फिरत नाहीये, तुमची बुबुळं फिरताहेत."

मग त्यांनी समजावलं. आतल्या कानात तोल सांभाळायला तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी. शेजारच्या पिशवीत चुनखडीचे सूक्ष्म कण चिकटून बसलेले असतात. खाली कुठे नि वर कुठे, हे ते सांगतात. वयानं किंवा डोक्याला मार लागून त्यांतले काही सुटतात आणि नळीत शिरतात. मग कूस बदलली की ते घरंगळतात, पाणी ढवळतं, कान मेंदूला कळवतो की डोकं फिरतंय, आणि डोळे बिचारे त्या हुकमाप्रमाणे फिरू लागतात. थोडक्यात, माझ्याच कानानं मला चुना लावला होता! आणि चार बोटांच्या अंतरावरचा माझा भरवशाचा साक्षीदार कानाच्या सांगण्यावरून साक्ष देत होता.

हे कान-डोळ्यांचं संगनमत काही नवीन नव्हे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी रोग्यांचे कान धुताना पाहिलं, की पाणी फार गार किंवा फार गरम असलं की माणसाला चक्कर येते आणि डोळे हलतात. या कामाबद्दल त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. जगाचा तोल गेलेला असताना कानाच्या तोलाला बक्षीस!

उपाय मात्र बिनऔषधाचा. जत्रेत काचेखाली छर्रे असलेली डबी मिळायची, आठवते? हळूहळू कलवत छर्रा भोकात घालायचा. जॉन एपली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1992 साली अशीच एक रीत प्रसिद्ध केली. बाईंनी माझं डोकं आधी दुखऱ्या बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत थांबत फिरवलं आणि मला उठवून बसवलं. कण स्वगृही पोचले. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळलो, तर कपाट जागेवर.

बाईंनी बजावलं ते असं: हे पुन्हा होऊ शकतं. उठताना मिनिटभर काठावर बसावं, रात्री बारीक दिवा ठेवावा. चक्करेबरोबर एकाचं दोन दिसलं, जीभ जड झाली, हातपाय लुळा पडला, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठावं, तो खेळ मेंदूचा असू शकतो. आणि नक्की निदान झाल्याशिवाय घरच्या घरी कुणाचं डोकं फिरवू नये. (हे शेवटचं मी हिला मुद्दाम दोनदा सांगितलं.)

निघताना मी विचारलं, "म्हणजे मला तो भास झाला?"

"छे! चक्कर अगदी खरी होती, काका. घर फिरत होतं, एवढंच खरं नव्हतं."

हे वाक्य काही माझी पाठ सोडीना. त्याला कारण आमचा दादा.

चौदा वर्षांपूर्वी अण्णा गेले. आदल्या संध्याकाळी ते सागवानी झोपाळ्याबद्दल काही बोलले. खोलीत दादा आणि मी दोघंच. अण्णांचा आवाज खोल गेलेला, बाहेर पत्र्यावर पाऊस. मी ऐकलं, "धाकट्याला." दादानं ऐकलं, "थोरल्याला." झोपाळा दादाकडे गेला आणि आमचं नातं लग्नपत्रिकांपुरतं उरलं. "या माझ्या कानांनी ऐकलंय," हे मी इतक्यांदा म्हटलं असेल, की घरातल्या भिंतींच्या कानांनाही ते पाठ झालं असेल.

पुढच्या खेपेला मी बाईंना हळूच विचारलं, "ऐकण्यातही कान असाच फसवतो का हो?" त्या म्हणाल्या, ऐकायचा शंख वेगळा, तोलाच्या नळ्या वेगळ्या. म्हणजे खड्यांवर ढकलायचीही सोय उरली नाही.

तुम्ही म्हणाल, मग माणसानं स्वतःवर विश्वासच ठेवू नये की काय? तसं करून कसं चालेल! उद्या खरोखर अन्याय झालेल्या माणसालाही कुणीतरी सांगेल, तुझ्या कानात खडे झालेत, जा. पण बाईंनी मला खोटं पाडलं नव्हतं. माझी चक्कर त्यांनी खरी धरली, आणि मगच ती आली कुठून ते शोधलं. हिनंही तेच केलं. घर फिरतंय म्हटल्यावर आधी दूध सांडलंय का ते पाहिलं. आपली खात्री कितीही पक्की असली, तरी एकदा दुधाकडे बघून यावं.

अण्णांच्या खोलीत दूध नव्हतं. मला जे ऐकू आलं ते खरंच ऐकू आलं. दुखलं तेही खरंच. पण दादा खोटारडा आहे, हे मी ऐकलेलं नव्हतं. ते घर मीच फिरवलं होतं, आणि तेही अर्धं मिनिट नव्हे, चौदा वर्षं.

परवा सकाळी नियमाप्रमाणे मिनिटभर काठावर बसलो आणि उठून दादाला फोन लावला. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "चक्कर येते म्हणे तुला? जपून ऊठत जा रे." पंधरा मिनिटं आम्ही फक्त चकरेबद्दल बोललो. झोपाळ्याचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

मागे मात्र पूर्ण वेळ झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. या माझ्या कानांनी मी स्पष्ट ऐकलं.

म्हणजे, निदान मला तरी तसं वाटलं.