व्यत्यासाचा मोह

नाशकांत द्वारका म्हणून जो चौक आहे, तेथें मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता एकमेकांस मिळतात. जुन्या गांवांतून पुण्याच्या रस्त्यानें नाशिकरोड स्टेशनास जावयाचें, तर द्वारका लागतेच. परंतु द्वारकेवर दिसलेला प्रत्येक वाटसरू स्टेशनाकडेच निघाला आहे, असें कोणी म्हटलें तर आपण हंसूं. तो धुळ्यास जात असेल, किंवा भाजी घेऊन घरीं परतत असेल. ‘जर हें, तर तें’ यावरून ‘जर तें, तर हें’ असें आपोआप निघत नाहीं.

या उलट विधानास भूमितींत व्यत्यास म्हणतात. युक्लिडानें काटकोन त्रिकोणाचा प्रसिद्ध सिद्धान्त पहिल्या पुस्तकांत ४७ वा म्हणून सिद्ध केला. त्याचा व्यत्यासहि खराच आहे; तथापि तो गृहीत न धरतां ४८ वा सिद्धान्त म्हणून त्याची त्यानें निराळी सिद्धता दिली. आपले नैयायिकहि तितकेच सावध. धूर तेथें अग्नि, हें त्यांस मान्य. अग्नि तेथें धूर, हें अमान्य. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धुरास ओल्या सरपणाची जोड लागते.

तर्कशास्त्र शिकवितांना आम्हांस असें आढळतें कीं, विद्यार्थ्यांस हें चटकन् पटतें. अडचण येते ती वर्गाबाहेर. ‘पाप केलें तर दुःख भोगावें लागतें’ या श्रद्धेशीं आमचें येथें भांडण नाहीं. परंतु तिचा व्यत्यास करून, ‘हा दुःख भोगतो, त्या अर्थीं यानें पाप केलें असलेंच पाहिजे’ असा निवाडा आपण किती सहज देतों! २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशकांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां मंदिराचें दार ज्यांस बंद होतें त्यांचे हाल म्हणजे त्यांच्याच पूर्वकर्माचें फळ, ही समजूत समाजांत खोल रुजलेली होती.

हा मोह थोरांसहि सुटत नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारमध्यें भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला दंड होय, असें महात्मा गांधी म्हणाले. रवीन्द्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक; तरीहि भौतिक आपत्तीचें कारण भौतिक घटनांतच शोधलें पाहिजे, असें त्यांनीं जाहीरपणें बजावलें. हेतु उदात्त असला म्हणून संकटावरून पापाकडे जाणारी वाट सरळ होत नाहीं.

या व्यत्यासाची आपणांस एवढी ओढ कां असावी? आमच्या मतें, तो फार सोयीचा आहे म्हणून. दुःखी माणूस एकदां दोषी ठरला कीं त्याला हात देण्याचें आपलें कर्तव्य उरत नाहीं; शिवाय आपण सुखांत आहों, त्या अर्थीं पुण्यवानच असलों पाहिजे, असें समाधानहि पदरांत पडतें.

कोणी म्हणेल, कर्मसिद्धान्त हीं दोन्ही विधानें करतो. खुशाल करो, पण मग दुसऱ्या विधानाची सिद्धता त्यानें युक्लिडाप्रमाणें निराळी द्यावी. ती हातीं येईपर्यंत दुःखितास निर्दोष मानणें हा केवळ दयेचा भाग नव्हे. शुद्ध विचार करणाऱ्याचें तें कर्तव्यच आहे.