बातमी वाचून आलेले हसू



आज एका कबुलीने सुरुवात करतो. कबुली ऐकणे हे आमचे काम, पण अधूनमधून ती द्यावीही लागते.

जानेवारी २०२५ मधला एक रविवार होता. मिस्सा संपली होती, थंडी बरीच होती आणि आपण सगळे चर्चच्या पायऱ्यांपाशी उन्हाला उभे होतो. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत लोकांचे केस मुठीने गळताहेत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडते आहे, ही बातमी तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर चालू होती. कुणीतरी मोबाइलवर आलेला विनोद वाचून दाखवला. तो इथे लिहीत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सगळे हसले. आम्हीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते, पण आमच्या स्वतःच्या मागे सरकत चाललेल्या केसांचा दाखला देऊन आम्ही त्यात भर घातली. धर्मगुरूच्या विनोदाला लोक जरा जास्तच हसतात, तसे हसलेही.

सिस्टरांच्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकणारी एक मुलगी त्या घोळक्याच्या कडेला उभी होती. तिचे गाव त्याच गावांपैकी एक. आठवड्याने ती कसल्याशा अर्जावर सही घ्यायला आमच्याकडे आली. सही झाली तरी दारातून हलेना. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "फादर, तुम्हीबी हासले नं." पुढे थोडे थोडे करून कळले ते असे. तिच्या भावाचे केस गेले होते. तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून घरात बसून होता, कॉलेजला जात नव्हता. तिचा स्वतःचा एकही केस गळला नव्हता, तरी खोलीतल्या मैत्रिणींनी तिला तिची फणी वेगळी ठेवायला सांगितले होते.

आम्हाला काही सुचले नाही. "चूक झाली, बेटा," एवढे म्हणालो. मात्र तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला आहे आणि तो आपल्यासमोर मांडावा असे वाटले. विचित्र बातमी वाचून आपल्याला हसू येते, त्यात वाईट काय? आणि काही वाईट असेलच, तर ते नेमके कुठे आहे?

नवलाची ओढ काही मोबाइलबरोबर आलेली नाही. संत पौल अथेन्सला गेले तेव्हा तिथले लोक काहीतरी नवीन ऐकण्यात आणि सांगण्यातच वेळ घालवत, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात नोंदवले आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुली' या ग्रंथाच्या दहाव्या भागात या ओढीचा समाचार घेतला आहे. एवढा मोठा बिशप, पण तो प्रांजळपणे सांगतो की, रानातून जाताना कुत्रा सशामागे धावताना दिसला की आपले मन तिकडे पळते, आणि घरात बसलेले असताना पाल माशी पकडताना दिसली तरी डोळे तिथेच खिळतात. आम्ही सेमिनरीत हे वाचले तेव्हा हसलो होतो. आता जेवताना हातातल्या मोबाइलवर बोट वर सरकवत बसतो तेव्हा ती पाल आठवते.

पण नवल वाटणे हेच पाप म्हणावे, तर तत्त्वज्ञानच उभे राहणार नाही. ॲरिस्टॉटलच्या मते माणूस विचार करू लागला तो नवल वाटल्यामुळेच. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरात कोंडलेले, त्यामुळे ती छायाचित्रे देशभर फिरली. कुणी शकुन म्हटले, कुणी अपशकुन. कुणी मात्र बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आल्याचे सांगितले. पाणी आटून क्षार वाढले की त्यांचे फावते. म्हणजे नवल वाटले, कुणीतरी त्या नवलापाशी थांबले आणि ज्ञान मिळाले. जे नुसते फोटो पाहून पुढे गेले, त्यांनीही सरोवराचे काही बिघडवले नाही. सरोवराला लाज वाटत नाही.

माणसाला वाटते. फरक पडतो तो इथे. शेगावच्या त्या गावांत कॅमेरे पोचले तेव्हा पाहण्याची वस्तू होती माणसाचे डोके, आणि त्यातही तरुण मुलींचे डोके. पुष्कळांनी लाजेपायी उरलेले केसही काढून टाकले. कुणाचे शिक्षण खोळंबले, कुणाच्या लग्नाची बोलणी थांबली, असे तेव्हा सांगितले गेले. बातमी मात्र 'टक्कल व्हायरस' या नावाने फिरली. व्हायरस असल्याचे कुणी सिद्ध केले नव्हते. पण शब्दाला यमक नसले तरी ठसका होता, तो चालला, आणि त्या शब्दानेच एका मुलीची फणी वेगळी झाली.

फ्रेंच विचारवंत आंरी बर्गसाँ यांचे हास्यावरचे एक पुस्तक १९०० साली निघाले. त्यात त्यांनी दाखवले आहे की एखाद्याला हसायचे तर त्याच्याविषयीची माया तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतो, तसे काहीसे. आम्हाला हे पटते, पण पूर्ण नाही. कारण त्याच मुलीने आम्हाला असेही सांगितले की तिचे काका, ज्यांचे केस सगळ्यांत आधी गेले, ते घरात म्हणत होते, "चला, न्हाव्याचे पैसे वाचले." आणि सगळे घर हसले होते. ते हसू बधिर नव्हते. ते दुखत असतानाचे होते. आमचे पायऱ्यांवरचे हसू आणि काकांचे हसू यांचे शब्द जवळजवळ सारखेच होते. काकांना त्याचा हक्क होता, आम्हाला नव्हता. एवढे बारीक अंतर असते.

कुणी म्हणेल, फादर, बातमी एवढी गाजली म्हणून तर सरकारी पथके धावली. लोक हसले नसते, तर कुणी तिकडे फिरकले असते का? या बोलण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. पण त्यातच एक दुखरी गोष्ट दडलेली आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा आपला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातले ते खारे पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत आले, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने तिथली कितीतरी घरे मोडली. हे स्थानिक वर्तमानपत्रांत पुष्कळदा छापून आले आहे. देशभरातल्या वाहिन्यांच्या गाड्या त्यासाठी अशा रांगेने आल्या नाहीत. मूत्रपिंड वीस वर्षे सावकाश खराब होते, ते दिसत नाही आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. केस तीन दिवसांत जातात. आमच्या धर्मग्रामातही कुणाच्या घरी डायलिसिस चालू आहे हे आम्हाला महिनोन्‌महिने माहीत नव्हते, पण टकलाची बातमी तासाभरात पोचली होती.

आता त्या बातमीचे पुढे काय झाले ते पाहू, कारण विनोद पुढे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचले असेल. सुरुवातीला संशय पाण्यावर गेला. काही ठिकाणच्या पाण्यात नायट्रेट जास्त आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. आणि महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी नावाजलेले, पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर. एके काळी कोकणातल्या खेड्यात विंचू चावून मूल दगावले, तर ती बातमीही नव्हती. तिथे त्यांनी आयुष्य घातले. या गावांत त्यांनी लोकांचे रक्त, लघवी, केस तपासले आणि घरातला गहूही तपासला. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याचे त्यांनी सांगितले. त्यांचा निष्कर्ष असा की रास्त भाव दुकानातून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हापेक्षा कितीतरी जास्त होते, आणि पीडितांच्या शरीरात जस्त कमी झाले होते.

"तुम्ही काय खाता?" हा प्रश्न आमच्या घोळक्यातही त्या रविवारी कुणीतरी विचारलाच होता. "काय खातात, कुठला शाम्पू लावतात, अंघोळ तरी करतात का?" डॉ. बावस्करांनीही शेवटी हेच विचारले, काय खाता? शब्द तेच. आमचा प्रश्न उत्तराची वाट पाहत नव्हता. त्यांचा प्रश्न महाडहून शेगावपर्यंत आला आणि गव्हाच्या डब्यात हात घालून उत्तर घेऊन गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी अभ्यासू वृत्ती आणि पोकळ कुतूहल असे दोन वेगळे प्रकार मानले. पहिला सद्गुण, दुसरा दोष. परीक्षेत त्यावर आम्ही चार पाने लिहिली होती. अर्थ कळायला ही मुलगी दारात उभी राहावी लागली.

प्रभू येशूकडेही लोक बातम्या घेऊन आले होते. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून पाहा. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करीत असतानाच मारले, ही एक बातमी. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, ही दुसरी, ती प्रभूने स्वतःच काढली. सांगणाऱ्यांच्या मनात काय होते ते प्रभूने ओळखले: त्यांनी काहीतरी पाप केले असणार. प्रभूने हा हिशेब साफ नाकारला आणि प्रश्न सांगणाऱ्यांकडेच वळवला, तुमचे काय? जन्मांध माणसाच्या वेळी शिष्यांनीही हेच विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? बुरूज पडला की मेलेल्याच्या पापाची चौकशी, आणि केस गेले की त्याच्या अंघोळीची. दोन हजार वर्षांत साबणाची भर पडली, एवढेच. आम्हाला वाटते, असा प्रश्न विचारण्यामागे भीती असते. त्याने काही चूक केली असेल तर आपण सुरक्षित. पण गहू रेशनचा होता. तो कुणाच्याही डब्यात येऊ शकला असता.

दुसऱ्याच्या घराविषयी इतके लिहिले, तर आपल्या घराविषयीही लिहावे. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चमधल्या क्रुसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक गर्दीने आले, पाणी घरी नेले. सनल एडामरुकू या विवेकवादी गृहस्थांनी जाऊन पाहिले आणि सांगितले की जवळची मोरी तुंबली आहे, तिचे पाणी भिंतीतून वर चढते आहे. देश आपल्याला हसला. तेव्हा आपल्याला कसे झाले होते ते आठवावे. जिने ते पाणी आजारी नातवासाठी नेले असेल, तिला कसे झाले असेल? आणि मग आपल्यापैकी काहींनी काय केले? भारतीय दंड संहितेच्या २९५ अ कलमाखाली त्या गृहस्थांवर तक्रारी केल्या. ते त्याच वर्षी फिनलंडला गेले. दूरदर्शनवर ते ज्या सुरात बोलले तो आम्हाला रुचला नव्हता. पण मोरी तुंबली आहे का, हा प्रश्न रास्त होता आणि तो चर्चमधल्याच कुणीतरी आधी विचारायला हवा होता. हसणाऱ्याला पोलिसांकडे नेणे हे हसण्याहून बरे, असे आम्हाला वाटत नाही.

तसेच भेंडवळचे. अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचे भाकीत सांगतात, आणि दरवर्षी ती बातमी वाचून शहरातले लोक मान हलवतात. आमचाही त्या भाकितावर विश्वास नाही. पण एका शेतकऱ्याला आम्ही विचारले, खरे ठरते का? तो म्हणाला, "ठरते नाही ठरते, पेरा तर करनंच हाये." ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याने या माणसाला हसण्याआधी जरा दम धरावा, असे आमचे मत झाले आहे. असो.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती मुलगी परत आली. आम्ही भावाची विचारपूस केली. केस येताहेत म्हणाली, कापसाच्या बोंडासारखे, अगदी मऊ. कॉलेजलाही जातो. मग पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. शेगावहून येणारा प्रत्येक जण आणतो तशी. आम्ही विचारले, आणि फणी? ती हसली. म्हणाली, "एकच हाये आता खोलीत, फादर. माहीच वापरतात सगळ्याजनी, त्याहीच्या हरवल्या."