हिऱ्याचे कोंदण
(वाचन : निर्गम 28:15–29)



कुशल सोनार हिऱ्याची आंगठी घडवितो, तेव्हा प्रथम तो हिरा मोजितो. मग त्याच्याच मापाचे घर सोन्यात करितो. हिरा अति कठीण खरा, तथापि आघात भलत्या जागी झाल्यास तो दुभंगतो. यास्तव सोनार कोंदणाची कड समोरासमोरच्या बाजूंनी हळूहळू दाबीत आणितो. वाकते ते सोने, हिरा नव्हे.

अहरोनाच्या ऊरपटात बारा रत्ने होती. प्रत्येकावर एकेका वंशाचे नाव कोरिलेले होते. रत्ने निरनिराळी, परंतु ती सर्व सोन्याच्या कोंदणांत बसून याजकाच्या हृदयावर एकत्र राहत.

उपदेशक बंधूंनो, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एखादा मनुष्य अक्षरे जाणत नाही, त्याचे बोलणे रांगडे आहे, तो आपल्या रीतीत बसत नाही; एवढ्यावरून मंडळी त्यास दाराशीच बसविते काय? एके दिवशी तो उठून निघून गेला, तर धन्यास काय उत्तर द्याल? आंगठीतून हिरा गळाला, तर दोष सैल कोंदणाचा. त्याचे मोल प्रभूने आपल्या रक्ताने भरिले आहे. तर आपण सोने होऊ, वाकू, आणि त्यास धरून ठेवू. आमेन.