सामायिक

मिरजेतल्या आमच्या घराच्या मधोमध एक भिंत आहे. वडील गेल्यावर वर्षभराने, २०१४ साली, ती उभी राहिली. पलीकडे दादा राहतो, अलीकडे मी. वाटणीपत्रात ‘सामायिक’ म्हणून दोनच गोष्टी नोंदवल्या आहेत: मागचा आड आणि बाजूचा बोळ. बाकी सारे वाटले गेले. वडिलांचा ग्रामोफोन आणि दोनशेच्या वर तबकड्या दादाकडे गेल्या. मला भिंतीवरचे घड्याळ आणि पुस्तकांचे कपाट मिळाले. वाटणी चोख झाली असे पंच म्हणाले. मीही मान डोलावली, आणि पुढे कितीतरी वर्षे दादाशी सणावारापुरताच बोललो.

दादाच्या मुलाला मात्र यंत्रांचा नाद. त्याने त्या तबकड्या संगणकात उतरवायला घेतल्या. या कामात घाई चालत नाही. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटे वाजते. तेवढा वेळ ती वाजवत बसावेच लागते. मग गाणाऱ्याचे नाव, रागाचे नाव घालायचे, खरखर किती पुसायची ते ठरवायचे. फार पुसली तर आवाजाचा कसही जातो म्हणे. पोराने दोन वर्षांचे रविवार त्यात घातले. ज्या तबकड्या हलवायला वाटणीच्या दिवशी दोन हमाल लागले होते, त्या आता नखाएवढ्या कार्डावर मावतात.

दोन्ही घरांत इंटरनेट एकच आहे. पोरांनी आपसात ठरवून बिल निम्मे निम्मे केले होते. मोठ्यांना विचारावे असे त्यांना वाटले नाही. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने मला लिहिण्यासाठी एक जुना संगणक आणून दिला. तो त्या जाळ्याला जोडला गेला मात्र, त्याने मला विचारले, ‘हे जाळे कुठले? घर, कचेरी की सार्वजनिक ठिकाण?’

साधा प्रश्न. पण माझे बोट अधांतरीच राहिले. अखेर मी ‘घर’ म्हटले, आणि थोड्याच वेळात पडद्यावर एक नाव उमटले: ‘आजोबांच्या तबकड्या’. भिंतीपलीकडचा सारा संग्रह माझ्यापुढे उघडा पडला होता.

त्या रात्रीपासून मी चोरून ऐकू लागलो. ‘चोरून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण ही चोरी आहे की नाही याचा उलगडा मला झालेला नाही. आपल्या भाषेत वाटणे या शब्दाला दोन तोंडे आहेत. (मिरची वाटण्याचे सोडून देऊ!) फराळ वाटतात आणि जमीनही वाटतात. एकाने माणसे जवळ येतात, दुसऱ्याने लांब जातात. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी. दहा चकल्या पलीकडे पाठवल्या की माझ्या डब्यात दहा कमी होतात. तबकड्यांचे आता तसे राहिले नव्हते. मी रात्रभर ऐकले तरी दादाची एक तानही कमी होत नव्हती. मग अपराध कसला?

असे म्हणून मी मनाची समजूत घालत होतो, तोच शाळेची सहामाही परीक्षा आठवली. शेजाऱ्याच्या पेपरावरून उतरवणाऱ्या मुलाला मी बाकावर उभा करतो. ज्याची उत्तरे त्याने घेतली, त्याचा गुण तरी कुठे कमी झालेला असतो?

कायद्याकडे वळावे तर तो या बाबतीत उदार निघाला. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, आमच्याच गावच्या दर्ग्यात विसावले. त्यांच्या तबकड्यांवरचा हक्क केव्हाच सुटला आहे. घर कुठे संपते याचाही निवाडा एका कंपनीने परस्पर करून टाकलेला आहे. २००३ सालच्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये एका संगणकावरची गाणी दुसऱ्यावर ऐकण्याची सोय केली. लोकांनी लगेच इंटरनेटवरून परक्यांनाही दारे उघडली. महिन्याभरातच कंपनीने नवी आवृत्ती काढून ती सोय एकाच स्थानिक जाळ्यापुरती आखडली. म्हणजे एका जाळ्यात येतील ती घरची माणसे! या हिशेबाने दादा माझ्या घरात आहे. वाटणीपत्राच्या हिशेबाने नाही.

पण कायदा आणि कंपनी दोघे माझ्या बाजूने झाले, तरी मला स्वस्थता येईना. आता माझ्याकडेही सारे होते. भांडणाचे कारण उरले नव्हते. भांडण मात्र होते तसेच होते. असे का व्हावे? एका रात्री उत्तर सापडले आणि मला माझीच लाज वाटली. मला तबकड्या हव्या होत्या असे मी इतकी वर्षे समजत होतो. खरे म्हणजे त्या दादाकडे नसाव्यात, एवढेच मला हवे होते. नव्या यंत्राने मला तबकड्या दिल्या, पण दादाकडून काढून घेतल्या नाहीत. तिथेच माझी निराशा होती.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून दादाने त्या तबकड्या वाजवल्या होत्या. मी तेव्हा कादंबरी पुरी करीत होतो. पंचांपुढे हे दादाने एका शब्दानेही काढले नाही.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. संध्याकाळी मी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. आवाज नेहमीप्रमाणे बारीक होता. पण त्या दिवशी प्रत्येक सूर दोनदा येऊ लागला. आधी माझ्या खोलीत, मग क्षणभराने भिंतीतून. आधी वाटले, यंत्र बिघडले. मग ध्यानात आले: दादानेही तीच लावली होती, माझ्या किंचित मागून. आणि मला ऐकू येत होते, तसे त्यालाही येत असणार.

मी बंद करायला हात पुढे केला. तेवढ्यात पलीकडचा आवाज थांबला. दादाने त्याची बंद केली होती.

माझी चालू होती. मी आवाज जरा मोठा केला. थोड्या वेळाने भिंतीला लागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि दादा म्हणाला, ‘‘पुढे एक चरा आहे. बाबा तिथे सुई उचलायचे.’’