कच्चा जोड

आपल्या कामाचं वाईट फळ ज्याला भोगायचं आहे, तो माणूस आपल्याला कधीच दिसणार नसेल, तर काम चांगलं का करावं? गावात हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मला तो येरवड्यात पडला, हातात सोल्डरिंगचं आयर्न असताना.

आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. येरवड्याखालून वाहणारी मुळा-मुठा पुढं भीमेलाच मिळते. लहानपणी गावात कल्हईवाला यायचा. पाराजवळ खड्डा करून भाता लावायचा आणि घराघरांतली पातेली-तपेली त्याच्यापुढं येऊन पडायची. भांडं चांगलं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. यात मेख एकच. भांडं स्वतः तापलेलं आणि मळ निघालेलं असेल तरच कथील धरतं. थंड भांड्यावर वितळलेलं कथील नुसतं बसतं, थोड्याच दिवसांत निघून येतं. मग त्यात ठेवलेलं ताक कळकतं, चिंचेची आमटी कळकते. पण कल्हईवाल्याला पुढच्या वर्षी त्याच पारावर यायचं असायचं. आजी सगळ्यांदेखत विचारायची, "काय रे बाबा, कल्हई केलीस का चुना फासलास?" त्याच्या हाताला ओळखीचा धाक होता.

येरवड्यात एका बाजूला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या घरांच्या गल्ल्या. त्यातल्या एका गल्लीतल्या शेडमध्ये आम्ही सातजण जॉबवर्क करायचो. माल होता शेतीपंपाच्या ऑटोस्विचचे बोर्ड. शेतकरी त्याला नुसतं 'ऑटो' म्हणतात. लाईट आली की थोडा वेळ थांबून मोटार आपोआप चालू करायची, एखादा फेज गेला तर बंद करायची, एवढं त्याचं काम. हल्ली बारीक पार्ट मशीन बोर्डाच्या वरच चिकटवतं. पण रिले, ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर यांना अजून पाय असतात. ते बोर्डाच्या भोकातून आरपार काढून खालून सोल्डर करायचे, कारण या पार्टना वजन आणि हादरा सोसायचा असतो.

काम कल्हईचंच, फक्त मुंगीएवढं. तारेत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ती १८३ अंशाला वितळते. तारेच्या पोटात राळ असते, ती नवसागराचं काम करते. आयर्नचं टोक पायाला आणि भोकाभोवतीच्या तांब्याला एकदमच टेकवायचं. दोन्ही तापले की तार जोडाला लावायची, टोकाला नाही. सोल्डर आपणहून भोकात शिरतं. आधी तार काढायची, मग आयर्न, आणि थंड होईपर्यंत बोर्ड हलवायचा नाही. सारे मिळून दोन-तीन सेकंद. जाड पायाला जास्त. घाई केली, पाय तापायच्या आधीच टोकावरचं सोल्डर त्यावर सोडलं, की त्याचा नुसता गोळा बसतो. त्याला आम्ही कच्चा जोड म्हणायचो.

कच्च्या जोडाची खोड अशी, की तो परीक्षेत पास होतो. मीटर बीप देतं, रिले टक् करतो, खोका पॅक होतो. पुढं तो डबा विहिरीवर दिवसा उन्हात तापतो, रात्री गारठतो, हादरे खातो. पायाभोवती केसाएवढी गोल चीर जाते आणि एक दिवस रिले ओढतच नाही. शेतीची लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मग रात्री दोन वाजता शेतकरी बॅटरी घेऊन उसातून विहिरीकडं निघतो. पायाखाली साप आहे का विंचू, कळत नाही. हे जाणं चुकावं म्हणून तर त्यानं ऑटो घेतलेला असतो. तो म्हणणार, "माल भिकार निघाला." जोड कुणी केला हे त्याला कळायची सोय नाही.

शेजारी बसणाऱ्या ताईंना मी एकदा म्हटलं, "ताई, ट्रान्सफॉर्मरचे पाय जरा सेकंदभर जास्त धरा ना." मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊ, एका बोर्डाला साठ जोड. जोडाला एक सेकंद वाढला की बोर्डाला एक मिनिट. शंभर बोर्डांना शंभर मिनिटं. आपल्याला पैसे बोर्डामागं मिळतात. ती शंभर मिनिटं कोण भरून देणार? तुम्ही, का तुमचा शेतकरी?"

'देव बघतो' हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. ताईंचा हिशेब खरा होता. बोर्डाचा दर ज्यानं ठरवला, त्यानं जोडाचा सेकंद आधीच कापून घेतला होता. कच्चा जोड आधी दराच्या कागदावर तयार होतो, ताईंच्या हातात तो नंतर येतो.

तिथून जवळच येरवड्याचा तुरुंग. १९३० साली गांधीजींनी तिथून आश्रमाला दर आठवड्याला पत्रं लिहिली. त्यातलं एक शरीरश्रमावर आहे: खाणाऱ्यानं हातानं राबलं पाहिजे. मला त्याच्या पुढची गोष्ट छळते. राबावं, पण कसं? हातसुताबद्दलही विणकरांची तक्रार असायची, की मागावर ते तुटतं. सूत कातणारा एकीकडं आणि तुटलेला धागा सांधणारा दुसरीकडं. म्हणून सुताचा कस आणि सारखेपणा तपासण्यावर गांधीजींचा भर असे.

न दिसणं दोन्ही बाजूंनी असतं, हे मला उशिरा कळलं. सोल्डरिंगचा धूर राळेचा असतो. शिसं धुरातून फारसं जात नाही. ते बोटांना लागतं आणि भाकरीबरोबर पोटात जातं. जेवायच्या आधी साबणानं हात चोळून धुणं हाच उपाय, आणि त्यालाही दोन मिनिटं लागतात. युरोपनं १ जुलै २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालातलं शिसं बंद केलं. आपल्याकडं २०११च्या ई-कचरा नियमांत मर्यादा आली, ती टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर अशा यादीतल्या मालाला. दुकानात ऑटोचे शंभर रुपये कमी करा म्हणून हुज्जत घालणाऱ्या माझ्या गाववाल्यांना ताईंची बोटं कुठं दिसत होती? ते शंभर रुपये कुणाच्या तरी सेकंदांतूनच निघतात.

शेवटी आम्ही साताजणांनी बोर्ड पुढ्यात ठेवून मोजलं. साठ जोडांत वजन पेलणारे तेरा. ट्रान्सफॉर्मरचे आठ, रिलेचे पाच. या तेरांना घाई करायची नाही असं ठरलं. शंभर बोर्डांमागं बावीस मिनिटं वाढली. मालकाकडं दर वाढवून मागितला. त्यानं कुरकुरत निम्म्या वेळाचे पैसे दिले. उरलेली अकरा मिनिटं आमच्या पदरची गेली.

ती आमच्याच पदरची का जावीत, याचं उत्तर माझ्याकडं नाही. ताई तर म्हणायच्या, "हा धर्मादाय झाला, मजुरी नाही." त्याही बरोबरच. पण दर ठरवणाऱ्यापासून विहिरीवरच्या बटणापर्यंत जेवढे हात लागतात, त्यांत तो जोड पक्का करणं फक्त आमच्या हातात होतं. पुढं बोर्ड डब्यात बंद व्हायचा. कल्हईवाल्याला पार होता, आजीचा सवाल होता. आम्हाला तसं विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून आम्हीच एकमेकांना विचारायचं ठरवलं.