‘लातन’ : करणे आणि होऊ देणे

डच भाषेतील ‘लातन’ हे क्रियापद इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्याला निदान चार क्रियापदे हाताशी ठेवावी लागतात : ‘लेट’, ‘लीव्ह’, ‘हॅव’ आणि ‘मेक’. दिवा तसाच चालू ठेवणे, केस कापवून घेणे, एखाद्याला जाऊ देणे, एखाद्याला ताटकळत ठेवणे, या सर्व ठिकाणी डच भाषक ‘लातन’च योजतो. कोशकार याला अनेकार्थता म्हणून मोकळा होतो. अनुवादकाला मात्र तसे मोकळे होता येत नाही. ‘अधिकाऱ्याने सैनिकांना गोळीबार करू दिला’ आणि ‘अधिकाऱ्याने सैनिकांना गोळीबार करायला लावला’ ही मराठीत दोन भिन्न विधाने आहेत. डचमध्ये दोहोंना एकच वाक्य पुरते. तेव्हा अनुवादक शब्द निवडतो म्हणजे वस्तुतः निवाडाच देतो.

ही संदिग्धता म्हणजे जबाबदारी टाळण्याची भाषिक सोय आहे काय? तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. आरी फरहाखन आणि सुझान केमर यांनी १९९७ साली डच प्रयोजक रचनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ‘दून’ (करणे) हे क्रियापद प्रत्यक्ष कारणतेसाठी, तर ‘लातन’ हे अप्रत्यक्ष कारणतेसाठी येते. सूर्य तापमान वाढवतो तेथे ‘दून’. माणूस माणसाकडून काही करवतो तेथे बहुधा ‘लातन’. याचा आशय असा घेता येईल की, माणसावर होणारी माणसाची क्रिया दुसऱ्याच्या इच्छेतूनच वाट काढते. म्हणूनच आज्ञा आणि अनुज्ञा यांना एकच क्रियापद सामावून घेते.

परंतु व्याकरण जेथे थांबते तेथे नीतिविचाराला थांबता येत नाही. १३ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथील डच शांतिसैनिकांच्या तळावर आश्रय घेतलेल्या सुमारे ३५० पुरुषांना बाहेर पडावे लागले. त्यांना मारणारे हात डच नव्हते. तरीही आत राहण्याचा पर्याय त्यांना दिला गेला नाही, हे नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बेकायदेशीर ठरवले. पर्याय दिला असता तर ते वाचण्याची शक्यता न्यायालयाने दहा टक्के मानली आणि नुकसानीचे राज्यावरील दायित्वही तेवढेच ठेवले. सैनिकांनी त्यांना ‘जाऊ दिले’, की ‘जायला लावले’? ज्याच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नाही, त्याच्या बाबतीत हा भेद जवळजवळ पुसला जातो.

माणसाच्या समग्र वर्तनाला डच भाषा ‘दून एन् लातन’ म्हणते : त्याने जे केले ते आणि जे करायचे सोडले तेही. आपली मराठी ‘देणे’ आणि ‘लावणे’ वेगळे राखते, हे तिचे सामर्थ्य खरे. परंतु ‘होऊ दिले’ असे म्हटल्याने कर्ता वाक्यातून नाहीसा होत नाही. अडवण्याची शक्ती ज्याच्या हाती होती, तोच त्या क्रियापदाचाही कर्ता असतो.